बोर्डाकडे तक्रार केली तर कॉलेज बंद होईल का?

प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणाऱ्या गृहस्थांचा मुलगा तालुक्याच्या गावातल्या एका खासगी पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मशीन शॉपमधली निम्मी यंत्रं बंद आहेत. दोन विषयांना महिना झाला तरी शिक्षक नाही. प्रात्यक्षिकं होत नाहीत, पण मॅन्युअल, म्हणजे प्रात्यक्षिकांची वही, भरलं जातं. एकाचं बघून सगळे उतरवतात आणि सर सही ठोकतात. वर ‘डेव्हलपमेंट’च्या नावाखाली १२ हजार रोख घेतले, पावती नाही. ते विचारतात, तंत्रशिक्षणाच्या बोर्डाकडे तक्रार केली तर बोर्ड खरंच काही करतं का? आणि केलंच, तर कॉलेज बंद पडून पोराचं वर्ष वाया जाणार नाही ना?

मी पॉलिटेक्निकमध्ये ३१ वर्षं काढली. अधिव्याख्याता म्हणून लागलो, विभागप्रमुख झालो, शेवटची काही वर्षं प्राचार्य होतो. बोर्डाच्या मॉनिटरिंग कमिटीत जाऊन दुसऱ्यांच्या कॉलेजांत त्रुटी काढल्या, आणि आमच्याकडे कमिटी आली की गेटवर गुच्छ घेऊन उभाही राहिलो. तेव्हा जे लिहितोय ते टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून पाहिलेलं आहे.

आधी भीतीचं उत्तर. शिकत असलेली मुलं मध्येच रस्त्यावर आली आणि कॉलेजला कुलूप लागलं, असं मी तरी पाहिलेलं नाही. कारवाई अगदी टोकाला गेली तरी आधी नवीन प्रवेश थांबवतात. यंदा पहिलं वर्ष रिकामं, पुढच्या साली दुसरं रिकामं, असं करत आतली शेवटची तुकडी बाहेर पडली की कॉलेज संपतं. एआयसीटीईच्या, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या भाषेत याला प्रोग्रेसिव्ह क्लोजर म्हणतात. क्वचित मुलांना जवळच्या कॉलेजात सामावून घ्यावं लागतं. त्यात त्रास आहेच, एसटीचा पास बदलतो, मित्र तुटतात. पण स्वायत्त संस्था सोडल्या तर अभ्यासक्रम राज्यभर एकच, परीक्षा एकच आणि डिप्लोमावर नाव बोर्डाचं. तुमचा मुलगा दुसऱ्या वर्षाला आहे. फाइल ज्या चालीने चालते ती पाहता, कॉलेजची पहिली सुनावणी लागेल तेव्हा तो बहुधा पास होऊन कुठेतरी अप्रेंटिस असेल. हे गमतीत म्हणतोय, पण सगळंच गमतीत नाही.

आता ‘बोर्ड’ म्हणजे नेमकं कोण ते सोडवून घेऊ, कारण निम्म्या तक्रारी चुकीच्या दारात जाऊन पडतात. कॉलेज काढायला आणि चालवायला मान्यता देते एआयसीटीई, १९८७ च्या केंद्रीय कायद्याने. जागा किती, प्रयोगशाळा कोणत्या, शिक्षक किती, हे निकष तिचे. राज्याचं तंत्रशिक्षण संचालनालय, म्हणजे डीटीई, कॅप राऊंड, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्या, घेऊन प्रवेश देतं. फी ठरवतं शुल्क नियामक प्राधिकरण, ज्याला सगळे एफआरए म्हणतात. ते २०१५ च्या कायद्याने आलं. आणि महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ, म्हणजे आपलं बोर्ड, संलग्नता देतं, अभ्यासक्रम ठरवतं, परीक्षा घेतं, डिप्लोमा देतं. दहावी-बारावीचं बोर्ड हे वेगळंच खातं. हसू नका, आमच्याच कॉलेजविरुद्धची एक तक्रार आधी तिकडे गेली होती आणि तीन महिने फिरून माझ्या टेबलावर आली होती.

तुमच्या चार तक्रारी या चौघांत वाटल्या जातात. मॅन्युअलचा खोटेपणा हा निखळ बोर्डाचा विषय. शिक्षक नसणं आणि यंत्रं बंद असणं, यात निकष एआयसीटीईचा पण प्रत्यक्ष येऊन पाहणार बोर्डाची माणसं. रोख १२ हजार एफआरएकडे. चारही एकाच पत्रात कोंबल्या की प्रत्येक कार्यालय ‘हा भाग आमच्या कक्षेत येत नाही’ एवढंच कळवून मोकळं होतं.

बोर्डाचा स्वभाव कळायला थोडं मागे जावं लागतं. १९६३ पासून ते फक्त तंत्रशिक्षण परीक्षा मंडळ होतं. १९९७ च्या कायद्याने त्याचं तंत्रशिक्षण मंडळ झालं आणि १९९९ पासून ते स्वायत्त झालं. नाव बदललं, अधिकार वाढले, पण पिंड परीक्षा घेणाऱ्याचाच राहिला. वांद्र्याच्या खेरवाडीत सरकारी पॉलिटेक्निकच्या आवारात मुख्य कार्यालय, आणि मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशी चार विभागीय कार्यालयं. तिथे परीक्षेच्या वेळापत्रकाला जो धाक आहे तो दुसऱ्या कशालाच नाही. हिवाळी परीक्षा, उन्हाळी परीक्षा, फॉर्म, लेट फी, सेशनल (अंतर्गत) मार्क भरायची शेवटची तारीख. यातली एक तारीख चुकली तर मुंबईहून फोन येतो. लेथ, म्हणजे कातकामाचं यंत्र, बंद आहे म्हणून फोन आलेला मी कधी ऐकला नाही.

याला आळस म्हणून सोडून देऊ नका, कायद्याची अडचणही आहे. १९९५ मध्ये तामिळनाडूच्या आदियमान संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की तंत्रशिक्षणाच्या दर्जाबाबत केंद्राचा कायदा वरचढ आहे, त्याच्याशी विसंगत निकष लावून राज्याला कॉलेजची मान्यता काढता येणार नाही. म्हणजे ‘तुमच्याकडे शिक्षक कमी आहेत, उद्यापासून बंद’ असं बोर्ड म्हणू शकत नाही. बोर्डाच्या हातात तीन गोष्टी उरतात : पुढच्या वर्षाची संलग्नता, परीक्षा आणि अहवाल. आपला अहवाल वर पाठवायचा आणि वरच्यांनी त्यावर इनटेक (प्रवेशाच्या जागा) कापायचा किंवा प्रवेश थांबवायचे, अशी ती साखळी आहे.

संलग्नता दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. एआयसीटीईची मान्यताही ठरावीक काळाने वाढवून घ्यावी लागते, पण ती मुख्यतः कॉलेजने स्वतः पोर्टलवर भरलेल्या माहितीवर. आमच्याकडे अमुक चौरस मीटर, तमुक संगणक, एवढे शिक्षक, असं आम्हीच लिहायचं. दिल्लीची तपासणी समिती प्रत्येक कॉलेजात दरवर्षी येत नाही, येऊही शकत नाही. म्हणून प्रत्यक्ष आत शिरून, वर्गाचं दार ढकलून बघणारी माणसं कुणाची, तर बोर्डाची. तीही वर्षातून एखाद-दोनदाच.

ती भेट कशी असते ते सांगतो. दोन-तीन जण येतात, सगळे दुसऱ्या पॉलिटेक्निकचे शिक्षक. तारीख बहुतेक वेळा आधी कळलेली असते. आदल्या रात्री कॉलेजात दिवाळीसारखी जाग असते. कुणी टीचिंग प्लॅन लिहितंय, कुणी हजेरी पूर्ण करतंय, शिपाई डेडस्टॉक (कायम सामानाच्या) रजिस्टरप्रमाणे यंत्रांवर पांढऱ्या रंगाने नंबर टाकतोय. कमिटी येते, प्राचार्यांच्या केबिनमध्ये पोहे-चहा होतो, मग टेबलावर फायली मांडतात : वेळापत्रक, हजेरी, युनिट टेस्टचे तपासलेले पेपर, मॅन्युअलचे नमुने. शेवटी श्रेणी मिळते. पॉलिटेक्निकांच्या जाहिरातीत ‘एमएसबीटीईकडून एक्सलंट श्रेणी’ असं झळकतं ना (एमएसबीटीई म्हणजे आपलं बोर्डच), ती ही. ती बऱ्याच अंशी फायलीची श्रेणी असते. चांगल्या कॉलेजची फाइल चांगली असते हे खरं, पण वाईट कॉलेजची फाइलही चांगली असू शकते.

एका भेटीत, फेब्रुवारी असावा, मशीन शॉपमध्ये गेलो तर लेथच्या टेलस्टॉकवर झेंडूची वाळून कोळ झालेली माळ. खंडेनवमीला पूजा झाली होती, त्यानंतर त्या यंत्राला कुणाचा हात लागला नव्हता. बेडवर हळदीकुंकवाची बोटं तशीच. मी एका मुलाला म्हटलं, बाळा, जॉब बांध आणि एक फेसिंग कट घे. तो चकची चावी शोधायला गेला, ती सापडेना. सापडली तेव्हा चकच्या खाचेत बसेना, कारण खाचेत अक्षता अडकल्या होत्या. त्या मुलाच्या मॅन्युअलमध्ये प्लेन टर्निंग आणि स्टेप टर्निंग दोन्ही पूर्ण, २५ पैकी २३ गुण, दिनांकासह सही. प्राचार्य म्हणाले, ‘सर, कालपासून लाइटचा प्रॉब्लेम आहे.’ काल म्हणजे दसऱ्यापासून, असं मी म्हणालो नाही. माझ्याबरोबरच्या सदस्यांनी बाजूला घेऊन सांगितलं, जरा सांभाळून लिहा, पुढच्या आठवड्यात यांचेच विभागप्रमुख आमच्याकडे येणार आहेत.

या पद्धतीचा कच्चा दुवा तो हाच. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. मी काय केलं? ‘प्रयोगशाळा असमाधानकारक’ असलं काही लिहिलं नाही, कारण असल्या शेऱ्याला उत्तर ‘सुधारणा केली आहे’ एवढंच येतं. डेडस्टॉक रजिस्टरमधले यंत्र क्रमांक घेतले आणि प्रत्येकापुढे लिहिलं, विद्युत जोडणी नाही, चक वापरात नाही, अमुक तारखेचं प्रात्यक्षिक या यंत्रावर होणं शक्य नाही. कॉलेजला त्रुटींचं पत्र गेलं. महिन्याभरात पूर्तता अहवाल आला, त्यात हिरव्या ऑइलपेंटने रंगवलेल्या लेथचे फोटो होते. पुढच्या वर्षी तिथे बाह्य परीक्षक म्हणून गेलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याने सांगितलं, सर, सहातल्या दोन चालू झाल्यात. दोन. तुम्ही विचारता ना, बोर्ड काही करतं का? करतं, ते साधारण या मापाचं.

तरी एका जागी बोर्ड खरं तीक्ष्ण आहे, ती म्हणजे मार्क. बहुतेक विषयांना लेखी ७० आणि अंतर्गत ३० असं असतं. प्रात्यक्षिकाच्या गुणांपुढे अभ्यासक्रमाच्या तक्त्यात हॅशची खूण असेल तर परीक्षक बाहेरून येतो. आणि ॲट द रेटची असेल तर सगळं कॉलेजच्या हातात. वर्गातल्या ६० मुलांना अंतर्गत गुण २७, २८, २९ आणि लेखीला त्याच ६० जणांत पन्नास नापास, हे चित्र संगणकावर कुणालाही दिसतं. आमच्याच कॉलेजला एकदा असं कारणे दाखवा पत्र आलं होतं. विभागप्रमुख मी होतो. एका नव्या शिक्षकाने कटकट नको म्हणून सगळ्यांना २३ देऊन टाकले होते. टेस्टचे पेपर मागवले, ते अर्धेच निघाले. खुलासा लिहिताना घाम फुटला. लेथच्या पत्राने प्राचार्य हलत नाही, पण हे पत्र आलं की हलतो, कारण पुढची पायरी परीक्षा केंद्र दुसऱ्या कॉलेजात हलवण्याची असू शकते. केंद्र हललं की गावभर बोभाटा होतो आणि पुढचे प्रवेश बसतात. खासगी कॉलेजचा जीव प्रवेशात असतो.

पायऱ्या साधारण अशा चढतात : त्रुटींचं पत्र, पूर्तता अहवाल, कारणे दाखवा, हमीपत्र, सुनावणी, मग इनटेक कमी करण्याची किंवा प्रवेश थांबवण्याची शिफारस. एखादी पायरी गाळली, सुनावणी न देता कारवाई केली, तर कॉलेज थेट उच्च न्यायालयात जातं आणि नैसर्गिक न्यायाच्या मुद्द्यावर स्थगिती आणतं. हे प्रवेशाच्या दिवसांत झालं की बोर्डाचे हात बांधलेच. म्हणून बोर्ड जपून चालतं, बाहेरच्याला ते झोपल्यासारखं वाटतं. काही वेळा झोपलेलंही असतं.

या सगळ्याला एक घड्याळ आहे. डिसेंबर २०१२ मध्ये ठाण्याच्या पार्श्वनाथ चॅरिटेबल ट्रस्टच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्यतेचा निर्णय १० एप्रिलपर्यंत आणि संलग्नतेचा १५ मेपर्यंत झाला पाहिजे असं वेळापत्रक घालून दिलं. पुढे तारखा सरकत राहिल्या, पण साचा तोच आहे : पुढच्या वर्षाचं भवितव्य आधीच्या हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ठरतं. जानेवारी-फेब्रुवारीत पोचलेली तक्रार संलग्नतेच्या फाइलला लागते. जुलै-ऑगस्टमध्ये पोचलेली तक्रार प्रवेशाच्या धबडग्यात कुणी उघडूनही बघत नाही. अर्थात परीक्षेतली कॉपी किंवा पैशाची मागणी असेल तर महिना बघत बसू नका, लगेच लिहा.

आता तक्रार कशी लिहायची. बहुतेक पालकांचं पत्र असं असतं : ‘सदर कॉलेजमध्ये शिक्षणाचा दर्जा अत्यंत खालावला असून विद्यार्थ्यांच्या भवितव्याशी खेळ चालू आहे, तरी योग्य ती कारवाई व्हावी.’ हे पत्र विभागीय कार्यालयात पोचलं की त्यावर शेरा पडतो, ‘आपल्या स्तरावर उचित कार्यवाही करून अहवाल सादर करावा’, आणि ते कुणाकडे जातं? त्याच प्राचार्यांकडे. ते उत्तर देतात, आरोप निराधार आहेत. प्रकरण दप्तरी दाखल. मीही अशी उत्तरं दिलेली आहेत, आणि दोन-तीन वेळा आरोप अगदीच निराधार नव्हते, हे आज निवृत्त झाल्यावर सांगायला हरकत नाही.

मला कधी अडचणीत आणलं असेल तर ते एकाच जातीच्या पत्राने : ज्यात तारीख, क्रमांक आणि नियम असतो. तुमच्या हातात असा पुरावा आहे आणि तुम्हाला कदाचित त्याची कल्पना नाही. मुलाचं लॅब मॅन्युअल घ्या. बोर्डाने छापलेल्या त्या मॅन्युअलच्या सुरुवातीला प्रात्यक्षिकांचा तक्ता असतो : प्रात्यक्षिक केल्याची तारीख, जमा केल्याची तारीख, गुण, शिक्षकाची दिनांकित सही. एका बैठकीत भरलेला तक्ता ओळखायला तज्ज्ञ लागत नाही; शाई एक, अक्षर एक, आणि तारखा सात-सात दिवसांनी मागे मोजलेल्या. मोजताना माणूस कॅलेंडर बघत नाही. मी एका कमिटीत १५ ऑगस्टला केलेलं स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्सचं प्रात्यक्षिक पाहिलं आहे, आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशीचं थर्मलचं. तेव्हा तारखा रविवार, सणाच्या सुट्ट्या आणि कॉलेजच्या वेळापत्रकाशी ताडा. ज्या दोन विषयांना शिक्षक नाही म्हणता, त्यांच्या पानावर सही कुणाची आहे तेही बघा. त्या एका पानाचा फोटो शंभर विशेषणांना भारी पडतो.

शिक्षकांचंही तसंच. डिप्लोमाला एआयसीटीईचं प्रमाण २५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक. ६० ची एक तुकडी धरली तर तीन वर्षांचे १८० झाले, म्हणजे सात शिक्षक आले. कॉलेजच्या वेबसाइटवर मँडेटरी डिस्क्लोजर नावाचं पान शोधा. ते ठेवणं बंधनकारक आहे. त्यातली मेकॅनिकलच्या शिक्षकांची यादी छापून मुलाला द्या आणि विचारा, यातलं कोण कोण वर्गावर येतं? काही नावं त्याने ऐकलेलीही नसतील. तुमच्या पत्रातलं वाक्य मग ‘शिक्षक नाहीत’ असं राहत नाही, ‘संकेतस्थळावरील यादीतील अनुक्रमांक ३, ५ व ६ येथील व्यक्ती अमुक महिन्यापासून आलेल्या नाहीत’ असं होतं. याला ‘निराधार’ म्हणून उत्तर देणं प्राचार्याला जड जातं, कारण पगाराची बँक-स्टेटमेंटं मागितली जाऊ शकतात.

पत्र बोर्डाच्या सचिवांना, प्रत विभागीय कार्यालयाला, प्रत डीटीईच्या सहसंचालकांना. स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपा. त्याआधी कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीला एक साधं पत्र देऊन आवक क्रमांक घ्या. तिथे न्याय मिळेल असं नाही, पण ‘आधी आमच्याकडे का आला नाहीत’ हे पहिलं उत्तर त्यांच्या तोंडून निघून जातं. महिनाभर हालचाल दिसली नाही तर माहिती अधिकार. कॉलेज खासगी असेल, बोर्ड मात्र सार्वजनिक प्राधिकरण आहे. १० रुपये, ३० दिवस. मागायचं काय? आमच्या अर्जावर काय झालं हे मागाच. शिवाय कॉलेजच्या मागच्या दोन मॉनिटरिंग भेटींचे अहवाल आणि कॉलेजने दिलेले पूर्तता अहवाल मागा. यंत्र क्रमांकासकट ‘दुरुस्त केले’ असं लेखी दिलेलं यंत्र तुमच्या पोराच्या डोळ्यांसमोर बंद पडलेलं असेल, तर तुमची तक्रार बोर्डाची फसवणूक केल्याची होते. यंत्र बंद असल्याने बोर्डाला जेवढा राग येत नाही, तेवढा खोट्या पूर्ततेने येतो.

पैशाचं वेगळ्या कागदावर लिहा. एफआरए जी फी मंजूर करतं तिच्यात शिक्षण शुल्काबरोबर विकास शुल्क धरलेलं असतं. म्हणजे ‘डेव्हलपमेंट’ तुम्ही आधीच भरलेलं आहे, १२ हजार हे वरचे. मान्य फीपेक्षा जास्त घेणं २०१५ च्या कायद्यात बसत नाही, आणि १९८७ च्या राज्याच्या कॅपिटेशन फी कायद्याखाली तो फौजदारी गुन्हा ठरू शकतो. अडचण एकच, पावती नाही. त्यावर माझा उपाय साधा आहे : पुढचा हप्ता मागतील तेव्हा रोख देऊ नका, कॉलेजच्या खात्यात ऑनलाइन भरतो म्हणा. नियमातली फी असेल तर खाते क्रमांक मिळेल, नसेल तर मागणी तिथेच विरघळेल. मूळ कागदपत्रं अडवून ठेवली असतील तर तेही लिहा. गुणपत्रिका, दाखला तारण ठेवून घ्यायला कॉलेज म्हणजे सावकाराची पेढी नव्हे, आणि एआयसीटीईने हे लेखी बजावलेलं आहे.

आता ज्याबद्दल कुणी उघड बोलत नाही ते. मुलावर राग निघेल का? निघू शकतो. अंतर्गत ३० गुण आणि टर्मवर्क त्याच शिक्षकांच्या हातात आहे. म्हणून एकट्याने सही करू नका. पाच-सात पालक मिळून करा, पत्रात मुलांची नावं किंवा रोल नंबर घालू नका, आणि फोटोतली नावाची ओळ झाका. निनावी पाठवू नका, निनावी अर्ज बहुधा थेट दप्तरी जातो. तुमची नावं गोपनीय ठेवावीत अशी विनंती पत्रातच करा. पाळली जाईलच याची हमी मी देत नाही. मुलाला त्याच्या प्रत्येक युनिट टेस्टच्या तपासलेल्या पेपरचा फोटो काढून ठेवायला सांगा. एका चाचणीत १६ आणि बोर्डाला भरले ९, असं झालं तर भांडायला कागद असतो. आणि मुलगा तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या सेमिस्टरला असता तर मी तुम्हाला निकाल लागेपर्यंत थांबा म्हटलं असतं. दुसऱ्या वर्षाला असताना थांबणं म्हणजे अजून तीन सेमिस्टर खोट्या तारखा लिहीत काढणं.

इथे काही गोष्टी परिस्थितीवर आहेत. कॉलेज डी. फार्म.चं, म्हणजे फार्मसी डिप्लोमाचं, असतं तर उत्तराचा निम्मा भाग बदलला असता. तिथे मार्च २०२० च्या निकालानंतर एआयसीटीईच्या जागी फार्मसी कौन्सिलचाच शब्द चालतो. नवीन कॉलेजांवर कौन्सिलने घातलेली पाच वर्षांची बंदी सप्टेंबर २०२२ मध्ये, केवळ ठरावाने अशी बंदी घालता येत नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही, आणि मग गावोगाव कॉलेजं उगवली. त्यावर वेगळं लिहायला हवं. स्वायत्त पॉलिटेक्निकांना बोर्डाचा अभ्यासक्रम-परीक्षा लागू नाही, तिथे दार वेगळं. आणि एखाद्या ‘इन्स्टिट्यूट’ला बोर्डाचा संस्था क्रमांकच नसेल तर बोर्डाला तक्रार करून उपयोग नाही, तिथून मूल काढून घ्या. हॉल तिकिटावर किंवा मार्कशीटवर तो क्रमांक असतो, एकदा बघून घ्या.

एक शेवटचं, तुमच्या पत्रात दिसलं म्हणून. तुम्ही ‘कॉलेजवर कडक कारवाई व्हावी’ असं मागू नका. कमिटीवाल्याला आणि बोर्डातल्या डेस्कवर बसलेल्या माणसाला करता येईल असं मागा : अमुक दोन विषयांना १५ दिवसांत शिक्षक नेमावा, अमुक क्रमांकाची यंत्रं चालू करून राहिलेली प्रात्यक्षिकं जादा तासांत घ्यावीत, पुढची भेट पूर्वसूचना न देता व्हावी. हे मंजूर करायला कुणाला न्यायालयाची भीती नाही, आणि यातला शिक्षक मिळाला तर फायदा तुमच्याच पोराचा आहे.

आज संध्याकाळी मॅन्युअलचं ते पान काढा आणि तारखा कॅलेंडरवर लावून बघा. रविवार निघाले तर इथेच सांगा, पत्राचा मसुदा टाका, मी बघून देतो. नाव-गाव, कॉलेजचं नाव इथे लिहू नका.